मेलबर्नची पंगत

देवस्थानच्या अग्रशाळेत समाराधनेची पंगत उठली, पाने उचलली गेली आणि मंडळी सोप्यावर पानसुपारीला टेकली, म्हणजे परदेशी जाऊन आलेल्या माणसाची उलटतपासणी सुरू होते. देश कसा, माणसे कशी, हे प्रश्न मागाहूनचे. पहिला प्रश्न ठरलेला: 'तिकडे जेवणाखाण्याचे काय केलेत?' गतवर्षी मेलबर्नला तीन आठवडे राहून आल्यावर तो मलाही विचारण्यात आला. उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की, कोठे काय चांगले मिळते एवढे सांगून भागत नाही. एखाद्या नगराच्या खाण्यापिण्याविषयी मत द्यावयाचे, तर ते अन्न कोणी शिजविले, कोणाला चुलीपाशी उभे राहू दिले आणि कोणाला पानावर बसू दिले, याचाही निवाडा करावा लागतो. कायद्याच्या धंद्यात वीस वर्षे घातलेल्या माणसाला तरी तो टाळता येत नाही.

असा निवाडा करणारे एक न्यायासन खुद्द मेलबर्नमध्ये आहे. तेथील 'दि एज' या दैनिकाने १९८० साली 'गुड फूड गाइड' नावाचे पुस्तक काढले. क्लॉड फॉरेल हे त्याचे पहिले संपादक. भोजनगृहांना वीसपैकी गुण द्यावयाचे आणि पंधरा किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यांना आचाऱ्याच्या एक, दोन वा तीन टोप्या बहाल करावयाच्या, अशी त्याची पद्धत आहे. टोपी मिळाली की गर्दी उसळते, गेली की मालकाची झोप उडते. या ग्रंथपरंपरेचे ऋण मान्य केले पाहिजे. मांस आणि बटाटे यांपलीकडे फारसे न पाहणाऱ्या समाजाला तिने चव पारखावयास शिकविले. परंतु तिची गुणपत्रिका वाचताना मला एक मोठी उणीव जाणवली. पदार्थाची चव, वाढप्याची तत्परता, दालनाची शोभा, यांस गुण आहेत. पंगतीच्या न्यायाला एकही गुण नाही. आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसते थेंब, हा आपण दोष मानतो, निदान मानावा असे म्हणतो. त्या एका शब्दाचा मापदंड घेऊन मी मेलबर्नची पाने तपासली.

प्रथम नगराची रचना सांगितली पाहिजे. मेलबर्नची वसाहत १८३५ सालची. १८३७ साली रॉबर्ट हॉडल या भूमापकाने तिची आखणी केली, तेव्हा मोठे रस्ते ९९ फूट रुंद आणि त्यांच्यामधून जाणारे छोटे रस्ते ३३ फूट रुंद ठेवले. मोठ्या रस्त्यांवर दर्शनी इमारती उभ्या राहावयाच्या आणि छोट्या रस्त्यांनी घोडे, गाड्या, नोकरचाकर यांनी मागील दाराने आत यावयाचे, असा हिशेब होता. आज या नगरीतील खाण्याची खरी गंमत त्या मागच्या बाजूलाच आहे. डीग्रेव्ह्ज स्ट्रीट, सेंटर प्लेस, हार्डवेअर लेन या बोळांत खुर्च्यांना खुर्च्या खेटून लोक बसलेले असतात. कॉफीचा वास गल्लीच्या तोंडाशीच आपल्याला गाठतो. मागील दाराने ज्यांना आत घेतले, त्यांनीच घराची शोभा वाढविली, असा हा प्रकार आहे. आणि तो केवळ रस्त्यांपुरता नाही.

बर्क स्ट्रीट जेथे चढावर संपतो तेथे पार्लमेंटची भव्य इमारत आहे. १९०१ पासून १९२७ पर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियाची संसद येथेच भरत असे. तिने आपल्या पहिल्याच वर्षी, म्हणजे १९०१ साली, 'इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट' संमत केला. त्या कायद्यात वर्णाचा उल्लेख शोधून सापडत नाही. बंदरावर उतरणाऱ्या परक्या माणसाकडून अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा लिहवून घ्यावा, एवढीच तरतूद. भाषा कोणती ते ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा. तेव्हा नको असलेला माणूस नापास होणार हे ठरलेलेच. चिनी मनुष्य या दाराबाहेर राहिला, तसाच हिंदी मनुष्यही राहिला. उतारा लिहविण्याची ही परीक्षा १९५८ साली रद्द झाली आणि गोऱ्यांचाच ऑस्ट्रेलिया ठेवण्याचे धोरण १९७३ साली पुरते संपले. कायद्याची भाषा सभ्य ठेवून अन्याय कसा करावा, याचा हा पाठ विधिमहाविद्यालयांतून शिकविण्यासारखा आहे.

त्या पार्लमेंटच्या पायऱ्या उतरून चार पावले चालले की लिटल बर्क स्ट्रीटवर चिनी वस्ती लागते. व्हिक्टोरियात १८५१ साली सोने सापडले आणि त्यामागोमाग चिनी खाणकामगार आले. त्यांना आवरण्यासाठी १८५५ साली व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी उतारूवर दहा पौंडांचा कर बसविला. तेव्हा हे लोक शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरावर उतरले आणि तेथून शेकडो मैल पायी चालत सोन्याच्या खाणींपर्यंत गेले. अशा लोकांनी वसविलेली ही गल्ली १८५० च्या दशकापासून आजतागायत नांदते आहे. आणि आज पाहुण्याला 'येथे गेल्याशिवाय परत जाऊ नका' असे जी स्थळे सांगितली जातात, त्यांत तिचे नाव अगदी वर असते. तिच्यालगत मार्केट लेनमध्ये १९७५ साली स्थापन झालेले 'फ्लॉवर ड्रम' नावाचे कँटनी भोजनगृह आहे. पांढरीशुभ्र चादर, पावलांचा आवाज न करणारे वाढपी आणि यजमानाची अदब, या तिन्ही गोष्टींसाठी ते नामांकित आहे. ज्याच्या डोक्यावर दहा पौंडांचा कर बसला, त्याच्या पानावर आज बसावयाचे तर पाहुण्याला भरघोस मोल द्यावे लागते. काळाने उगवलेला हा सूड मोठा सुसंस्कृत म्हटला पाहिजे.

तथापि समीक्षकाने एवढ्यावर प्रसन्न होऊन चालणार नाही. मेलबर्नमध्ये 'डिम सिम' नावाचा एक पदार्थ गल्लोगल्ली मिळतो. मांस आणि कोबी यांचे सारण भरलेला, तळलेला वा उकडलेला हा जाड पापुद्र्याचा गोळा चीनमध्ये शोधून सापडणार नाही. तेथील चिनी माणसांनी गोऱ्या गिऱ्हाइकाच्या जिभेला मानवेल असा तो १९४० च्या दशकात मेलबर्नमध्येच घडविला. आज चोखंदळ खवय्ये त्याला हसतात आणि 'अस्सल' चिनी पदार्थ मागतात. मला हा खवय्येपणा क्रूर वाटला. ज्या समाजाने पाहुण्याला आपली चव झाकावयास भाग पाडले, त्याच समाजाने पुढे 'तुमची चव अस्सल का नाही' असे विचारावे, यात न्याय कोठला? डिम सिम मी खाल्ला नाही. पण त्याचा इतिहास कळल्यापासून त्याच्याविषयी आदर बाळगतो.

मद्याची कथाही कायद्यानेच लिहिली आहे. गेल्या शतकाआधीच्या मेलबर्नमध्ये दारूबंदीवाल्यांचा जोर होता. पार्लमेंटसमोर आज 'विंडसर' नावाचे जे वैभवशाली हॉटेल आहे आणि जेथे दुपारचा चहा घेणे ही चैनीची परिसीमा समजली जाते, त्याचा मद्याचा परवाना १८८६ साली मालकाने जाहीरपणे जाळून टाकला आणि त्याचे 'कॉफी पॅलेस' केले. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गुत्ते सायंकाळी सहा वाजता बंद करण्याचा कायदा झाला. तो १९६६ पर्यंत टिकला. संयम यावा म्हणून केलेल्या या कायद्याने कामावरून पाचला सुटलेला माणूस तासाभरात ढोसता येईल तेवढी ढोसू लागला. कायद्याने सद्गुण आणता येत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा उत्तम पुरावा आहे. १९८७ साली नवा कायदा होऊन परवान्याची पकड सैल झाली, तेव्हा कोठे बोळाबोळांतून छोटी, बसून गप्पा मारण्याजोगी ठिकाणे फुलली.

मधल्या कोरड्या काळात नगराला संध्याकाळी बसावयाची जागा दिली ती दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक लोकांनी. बर्क स्ट्रीटवर ६६ क्रमांकाच्या जागी 'पेलेग्रिनीज' हे कॉफीचे दुकान १९५४ साली निघाले. उंच स्टुलांची रांग, भिंतीवर आरसे, आणि मागे स्वयंपाकघरातच मांडलेले एक लांब टेबल. त्या टेबलाशी अनोळखी माणसे कोपराला कोपर लावून बसतात. खासदार असो वा हमाल, आलेल्याने सरकून जागा करून द्यावयाची. मी तेथे कलिंगडाचा बर्फाळ रस घेतला आणि कॉफी प्यायलो. मेलबर्नमधील माझ्या पाहणीत पंगतीच्या कसोटीला सर्वांत सहज उतरलेली जागा हीच. अमेरिकेतील 'स्टारबक्स' कंपनी २००० साली ऑस्ट्रेलियात उतरली आणि २००८ साली तिला आपल्या ८४ दुकानांपैकी ६१ बंद करावी लागली. गिऱ्हाइकाचे नाव पेल्यावर लिहून घेणाऱ्या दुकानापेक्षा ते नाव आधीच ठाऊक असलेले दुकान लोकांना जवळचे वाटले, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पेलेग्रिनीजचे एक मालक सिस्तो मालास्पिना १९७४ पासून ते दुकान चालवीत होते. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी बर्क स्ट्रीटवर एका माथेफिरूने मोटार पेटवून दिली आणि सुरा चालविला. जळत्या मोटारीतील माणसाला मदत करावी म्हणून पुढे झालेले मालास्पिना त्याच्या हातून मारले गेले. व्हिक्टोरिया सरकारने त्यांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने केला. ज्या देशाने परक्याला दारातून परत पाठविण्यासाठी पन्नास शब्दांचा उतारा योजला, त्याच देशाने परदेशातून आलेल्या एका कॉफीवाल्याला असा मान दिला. नगरे सुधारतात ती अशी. आधी जीभ बदलते, मग मन, आणि सर्वांत शेवटी कायद्याचे पुस्तक. कित्येकदा क्रम उलटाही असतो.

मात्र या पंगतीत एका माणसाला अजून नीट पान मांडलेले नाही, आणि तो पाहुणा नसून मूळ यजमान आहे. मेलबर्नच्या भूमीवर कुलिन लोकांचा वास होता. 'मर्नाँग' नावाचे पिवळ्या फुलाचे एक कंद हे त्यांच्या स्त्रियांनी उकरून आणावयाचे नित्याचे अन्न. वसाहतवाल्यांच्या मेंढ्यांनी ते कंद काही वर्षांतच खाऊन, तुडवून संपविले. ही भूमी कोणाचीच नव्हती, या समजुतीवर तेथील जमिनीचा कायदा उभा होता. १९९२ साली माबो खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने ती समजूत खोटी ठरविली. आता तेच कंद आणि तसलीच रानबीजे मोठमोठ्या भोजनगृहांतून शोभिवंत ताटल्यांत चिमूटभर वाढली जातात. पदार्थाचे पुनरागमन झाले हे चांगलेच. पण यजमान त्या ताटापाशी बसलेला क्वचितच दिसतो. गुणपत्रिकेत हा रकाना असता, तर पुष्कळांच्या टोप्या उतरल्या असत्या.

आता आपल्या वाचकांच्या सोयीचे चार शब्द. मेलबर्नमध्ये शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. फिट्झरॉय भागात ब्रन्स्विक स्ट्रीटवर 'व्हेजी बार' १९८८ पासून चालू आहे. नगराच्या मध्यभागी स्वॉन्स्टन स्ट्रीटवर हरे कृष्ण पंथीयांनी 'क्रॉसवेज' या जागेत अल्प दरात साधे निरामिष भोजन देण्याचा पायंडा पाडला. तेथे विद्यार्थी आणि निर्धन दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. सेंट किल्डा उपनगरात २००० साली 'लेंटिल ॲज एनिथिंग' नावाचे भोजनगृह निघाले. तेथे दर लिहिलेलेच नव्हते. जेवून उठणाऱ्याने ऐपतीप्रमाणे पेटीत टाकावे. पुढे त्या संस्थेची आर्थिक ओढाताण झाली, तरी अन्नाला किंमत असावी पण मज्जाव नसावा, हा विचार तिने बाजाराच्या मध्यावर मांडला. सावधगिरी एवढीच की, इटालियन पदार्थांवर किसून घालतात ते परमेसन चीज वासराच्या जठरातील विरजणाने केलेले असते आणि व्हिएतनामी भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असू शकतो. विचारल्यास लोक न रागावता सांगतात. आपल्यापैकी ज्यांना सोमवार वगळता मासळी वर्ज्य नाही, त्यांनी 'बारामंडी' मागवावा. तो दुसरा तिसरा कोणी नसून आपला चोणकच. दोन्ही एकाच जातीचे मासे. मोठ्या अपूर्वाईने घास घेतला आणि मांडवीच्या काठची चव लागली.

शेवटच्या आठवड्यात नगराच्या आग्नेयेस कॅरम डाउन्स येथील श्री शिव-विष्णु मंदिरात गेलो. हरी आणि हर एकाच छपराखाली नांदत असलेल्या या देवळाची प्रतिष्ठा १९९४ सालची. जेवण दाक्षिणात्य वळणाचे. खतखते नव्हते, मणगणे नव्हते. तरी मन भरून आले. आपले मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे देवही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने कुशस्थळी, केळशी, वेर्णा सोडून खाडीपलीकडे आलेले. ज्यांच्या देवांनीच स्थलांतर केले, त्यांना स्थलांतरिताची चूल परकी वाटू नये. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले पावणेसात लक्षांच्या आसपास लोक मोजले गेले. त्या दुपारी त्यांतील दोनशेएक माझ्या भोवती जेवत होते.

माझ्या शेजारी माझ्या मामेभावाचा मुलगा बसला होता. तो तेथे शिकावयास आहे. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्यात ४८ तास काम करण्याची मुभा आहे. तो एका भोजनगृहात भांडी घासतो. भोजनगृह आपल्याच देशातल्या एका गृहस्थाचे. कायद्याने ठरविलेल्या वेतनापेक्षा पुष्कळ कमी पैसे रोख हातावर टेकवून 'तू आपलाच मुलगा आहेस' असे ते म्हणतात. मी वकिली सुरात त्याला सांगितले की, जाणूनबुजून वेतन बुडविणे हा १ जानेवारी २०२५ पासून त्या देशात फौजदारी गुन्हा आहे आणि तक्रारीची सोयही आहे. तो पानाकडे पाहत म्हणाला, "काका, ते या देवळाला देणगी देतात. माझ्या तक्रारीनंतर मला येथे बसू कोण देईल?"

या प्रश्नाला माझ्यापाशी कायद्याचे कलम होते, उत्तर नव्हते. पाहुण्यांच्या चुलीला शंभर वर्षे आडकाठी करणाऱ्या गोऱ्यांचा मी तीन आठवडे हिशेब मांडला होता. तो हिशेब आता आपल्या पानाशी येऊन थांबला. मुलाने पुढे ती नोकरी सोडली. बुडालेले पैसे त्याने सोडून दिले.

सोप्यावर बसलेल्या मंडळींना मी हे सारे सांगितले. मेलबर्नमध्ये कोठे खावे, तर जेथे शिजविणारा आणि खाणारा एकमेकांच्या डोळ्यांस डोळा देऊ शकतात तेथे. मग तेथे टोपी असो वा नसो. पेलेग्रिनीजचे मागचे टेबल, स्वॉन्स्टन स्ट्रीटवरची रांग आणि कॅरम डाउन्सची पंगत, ही माझी तीन नावे, तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. मंडळींनी मान डोलावली. तेवढ्यात माझे लक्ष अग्रशाळेच्या मागील दाराकडे गेले. पहाटे तीन वाजल्यापासून चुलाणापाशी राबलेले आचारी आणि भांडी घासणाऱ्या बायका तेथे पायरीवर, उरलेसुरले वाढून घेऊन, आमच्याकडे पाठ करून जेवत होत्या. तीस-पस्तीस वर्षे मी त्या दारावरून ये-जा करीत आहे. हॉडलने आखलेला तेहतीस फुटांचा रस्ता मला परमुलखात दिसला. घरचा दिसला नव्हता.

येत्या महाजनसभेत, समाराधनेच्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या व भांडी घासणाऱ्या माणसांना मुख्य मंडपात पान मांडावे आणि त्या पंगतीला महाजनांनी वाढावे, असा ठराव मी मांडणार आहे. नोटीस दिली आहे. अनुमोदनास कोण उभे राहतो, ते पाहावयाचे आहे.